ख्रिस क्रॉसला दिसत नव्हतं की बघायचंच नव्हतं? ‘स्कार्लेट स्ट्रीट’बद्दल जरा सविस्तर

प्रश्न असा आलाय: फ्रिट्झ लँगचा १९४५ चा ‘स्कार्लेट स्ट्रीट’ बघितला, लायटिंग वगैरे भारी आहे, पण ती किटी त्या म्हाताऱ्याला उघड उघड लुबाडतीये हे शेंबड्या पोरालाही कळेल, मग त्याला कसं कळत नाही, इतका बावळट हिरो कशाला घ्यायचा? आणि दुसरं म्हणजे खून एकाने केला, इलेक्ट्रिक चेअरवर दुसरा बसला, हे तेव्हाच्या कडक अमेरिकन सेन्सॉरने सोडलं कसं?

माझा धंदा एडिटिंगचा, आणि शिकायला येणाऱ्या पोरांना मी हा पिक्चर हमखास दाखवतो, त्यामुळे उत्तर जरा लांबणारे. आणि स्टोरी शेवटपर्यंत फोडणारे, ज्यांनी बघितला नसेल त्यांनी इथेच थांबा.

तर पहिलं बावळटपणाचं. माझं म्हणणं असंय की ख्रिसला कोणी फसवत नाहीये, तो फसवून घेतोय, आणि त्याची सुरुवात किटी भेटायच्या आधीच झालेली असते. पहिला सीन आठवा. कंपनीची पार्टी चाललीये, कॅशियर ख्रिस्तोफर क्रॉसच्या नोकरीला २५ वर्षं झाली म्हणून साहेब त्याला सोन्याचं घड्याळ देतात. नाकासमोर चालणारा माणूस, इतका घाबरट की एकाच काडीवर तिसरी सिगार पेटवायची म्हटली तरी बिचकतो. साहेब मध्येच उठून जातात कारण खाली गाडीत एक तरुण बाई वाट बघत असते, सगळे खिडकीतून वाकून बघतात, आणि मग पावसात छत्रीतून चालताना ख्रिस मित्राला म्हणतो की अशी एखादी तरुण मुलगी आपल्यावर प्रेम करते तेव्हा कसं वाटत असेल. म्हणजे जागा आधीच रिकामी करून ठेवलेली आहे, आता फक्त कोणीतरी येऊन बसायचं. आणि दोन-तीन मिनिटांत ग्रीनिच व्हिलेजच्या ओल्या रस्त्यावर ती दिसते, प्लॅस्टिकचा पारदर्शक रेनकोट घातलेली, एक माणूस तिला मारतोय. ख्रिस डोळे मिटून छत्री घेऊन धावून जातो, तो माणूस आडवा होतो आणि ख्रिस पोलिसाला आणायला पळतो. तेवढ्या वेळात किटी त्या माणसाला पळवून लावते आणि पोलिस आल्यावर हात भलतीकडेच दाखवते. हे सगळं लँग आपल्याला दाखवतो. ख्रिससमोर फक्त शेवटचा भाग येतो, की एक संकटात सापडलेली सुंदर मुलगी आहे आणि तिला वाचवणारा आपण आहोत.

पण खरा मुद्दा त्यानंतरच्या बारच्या सीनमध्ये आहे आणि तो बहुतेक लोक नुसता बघून सोडून देतात. तो कॉफी मागवतो, ती दारू. ती काय काम करते याचा अंदाज तोच बांधतो, अॅक्ट्रेस असणार म्हणून, ती लगेच हो म्हणते. मग तो चित्रांबद्दल बोलायला लागतो, मोठ्या मोठ्या पेंटरांची चित्रं केवढ्याला जातात वगैरे, आणि ती समजते की हा स्वतःच कुणी मोठा श्रीमंत चित्रकार आहे. इथे त्याने एक वाक्य बोलायला पाहिजे होतं, की बाई मी कॅशियर आहे, रविवारी हौस म्हणून रंगवतो. ते तो बोलत नाही. लग्न झालंय हेही बोलत नाही. म्हणजे एका टेबलावर दोन माणसं बसलीयेत, दोघांनी एकमेकांचं खोटं एकमेकांना आयतं पुरवलंय, आणि दोघंही खूश आहेत. एडिटर म्हणून विचाराल तर माझ्या लेखी या पिक्चरमधलं पहिलं मोठं खोटं ख्रिसचं आहे, किटीचं नाही. तिने त्याच्याकडे पैसे मागितले ते त्याने न बोलता दिलेल्या माहितीवरच ना.

त्यात घरी काय परिस्थिती, तर ब्रुकलिनमधलं घर, बायको अॅडेल सतत फाडफाड बोलणारी, हॉलमध्ये तिच्या पहिल्या नवऱ्याचा पोलिसाच्या वर्दीतला भला मोठा फोटो, जो बुडून मेला असं सगळे समजतात. ख्रिस झालरीचा एप्रन घालून भांडी घासतो आणि चित्रं काढायला त्याला जागा मिळते ती बाथरूममध्ये. यावर जास्त लिहीत नाही, हा भाग लँगने जरा ढोबळच केलाय, बायको इतकी एकसुरी खाष्ट दाखवायची गरज नव्हती.

आता मी उलटा प्रश्न विचारतो. ख्रिसला बावळट म्हणणारे सगळे जण किटीला बावळट का म्हणत नाहीत? ती ज्या जॉनीवर जीव टाकते (पावसात तिला मारणारा तो माणूस हाच) तो तिला मारतो, तिच्या जिवावर जगतो, तिला शब्दाशब्दाला लाथाडतो, आणि तिची मैत्रीण मिली तिला समोर बसवून सांगते की अगं तो काही कामाचा नाही. तिला ऐकू येतं? नाही. ख्रिस किटीच्या नादी, किटी जॉनीच्या नादी, जॉनी पैशाच्या नादी. प्रत्येकाला शेजारच्याचं वेड स्वच्छ दिसतं आणि स्वतःचं दिसत नाही. फक्त किटी तरुण आणि देखणी आहे म्हणून तिचं वेड आपल्याला प्रेम वाटतं आणि ख्रिस बुटका, पोट सुटलेला, पन्नाशीचा आहे म्हणून त्याचं वेड आपल्याला मूर्खपणा वाटतो. हा खेळ लँग आपल्याशीही खेळतोय आणि मला वाटतं म्हणूनच हा पिक्चर बघताना इतकं अवघडल्यासारखं होतं.

चित्रांचा जो ट्रॅक आहे तो तर कमाल आहे, त्याच्यावर जरा थांबतो. ख्रिस ऑफिसातून आणि बायकोच्या विम्याच्या पैशातून चोरून किटीला एक स्टुडिओसारखा फ्लॅट घेऊन देतो आणि स्वतःची चित्रं तिथे नेऊन ठेवतो. जॉनीला वाटतं बघू काही सुटतात का, म्हणून तो दोन चित्रं वॉशिंग्टन स्क्वेअरला फुटपाथवर चित्रं विकणाऱ्याकडे ठेवतो. तिथून ती एका मोठ्या समीक्षकाच्या नजरेत भरतात, तो शोधत शोधत फ्लॅटवर येतो, आणि जॉनी क्षणात सांगून मोकळा होतो की ही चित्रं किटीने काढलीत. आता बघा, समीक्षक तिला विचारतो तेव्हा ती काय बोलते? ख्रिस तिच्याजवळ जे बोलला होता तेच. की चांगलं चित्र म्हणजे एक प्रेमप्रकरणच असतं, वगैरे. ख्रिसच्या तोंडी ते वाक्य भाबडं वाटलं होतं, तिच्या तोंडी तेच ऐकून समीक्षक पागल होतो. वाक्य तेच, पण माणूस बदलल्याबरोबर त्याची किंमत बदलली. मी पोरांना नेहमी हे दोन सीन पाठोपाठ दाखवतो, मध्ये बोलतच नाही काही.

पुढे अॅडेल मोठ्या गॅलरीच्या काचेत ती चित्रं बघते, सही कॅथरीन मार्च (म्हणजे आपली किटीच), आणि घरी येऊन नवऱ्यावर तोंडसुख घेते की तू त्या बाईची चित्रं चोरून नक्कल करतोस! ख्रिस तेव्हा स्वयंपाकघरात हातात मोठी सुरी घेऊन लिव्हर कापतोय, आणि ऐकून तो तसाच सुरी धरून तिच्याकडे वळतो, त्याच्या डोक्यात बायकोला मारायचं वगैरे काही नसतं, तो नुसता गोंधळलेला असतो, पण ती सुरी आपण विसरत नाही. पुढचा आइस पिक (बर्फ फोडायचा टोच्या) इथेच पेरलेला आहे.

मग तो किटीकडे धावतो. कुठलाही माणसासारखा माणूस इथे भडकला असता. माझं काम, माझं आयुष्यभराचं काम, तुझ्या नावावर? किटीने पण भांडणाची तयारी ठेवलेली असते, रडून दाखवते, पैशाची गरज होती म्हणते. आणि ख्रिस आनंदाने वेडा होतो! म्हणतो असंच चालू दे, हे म्हणजे आपलं लग्न झाल्यासारखंच की, फक्त नाव तुझं मी लावायचं. या एका ठिकाणी तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्याला सगळं कळलंय, चोरी समोर आलीये, पुरावा हातात आहे, तरी त्याने त्याचा अर्थ स्वतःला पाहिजे तसा लावला. म्हणजे माहिती कमी पडत नव्हती त्याला. आणि दुसरं म्हणजे, ज्या माणसाला घरात बाथरूममध्ये रंगवायला लागतं त्याची चित्रं पहिल्यांदा लोक डोक्यावर घेतायत, मग भले त्यावर सही कुणाची का असेना. मग तो तिचं पोर्ट्रेट काढतो, आणि त्या पोर्ट्रेटला नाव मिळतं ‘सेल्फ-पोर्ट्रेट’. किती खवचट असावं माणसाने! (ही सगळी चित्रं जॉन डेकर नावाच्या चित्रकाराने पिक्चरसाठी काढली होती.)

याच सुमारास तो सीन आहे ज्यात ती पलंगावर लोळत पाय पुढे करते आणि नेलपेंटची बाटली त्याच्या हातात देते, आणि ख्रिस गुडघ्यावर बसून तिच्या पायाची नखं रंगवतो. ती वरून म्हणते मास्टरपीस होतील बघ. त्यात किटीचा आळशीपणा बघा, जॉनी तिला ‘लेझी लेग्ज’ म्हणतो ते उगाच नाही. जोन बेनेटने ती बाई वाईट म्हणून केलेलीच नाहीये, तिला नुसता कंटाळा आलेला आहे, सगळ्याचाच, फसवण्याचासुद्धा. आणि एडवर्ड जी. रॉबिन्सन, ज्याला जगाने ‘लिटल सीझर’चा गँगस्टर म्हणून ओळखलं, तो इथे खांदे पाडून असा चालतो की विश्वास बसत नाही हाच तो. गंमत म्हणजे खऱ्या आयुष्यात तो चित्रांचा मोठा संग्राहक होता, घरात इंप्रेशनिस्ट लोकांची अस्सल चित्रं लावलेली, आणि इथे तो नखं रंगवणारा चित्रकार. डॅन ड्युरियाचा जॉनी तर इतका सडका आहे की तो मेला तरी वाईट वाटत नाही, आणि तिथेच आपण फसतो, कारण तो जे केलंच नाही त्यासाठी मरतो.

आता माझ्या आवडीचा भाग, साउंड. ख्रिसला बायकोपासून सुटका मिळते (तो बुडालेला नवरा जिवंत निघतो, डोळ्याला पट्टी बांधून पैसे उकळायला येतो, आणि ख्रिस त्याला शिताफीने अॅडेलच्याच समोर उभा करतो, हा आख्ख्या पिक्चरमधला त्याचा एकमेव हुशारीचा डाव). बॅग भरून तो किटीकडे येतो, आता लग्न करू म्हणून. फ्लॅटमध्ये ‘मेलन्कली बेबी’ची रेकॉर्ड लागलीये आणि सुई अडकलीये, तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतोय. आणि त्या अडकलेल्या आवाजावर त्याला दिसतं की किटी जॉनीच्या मिठीत आहे. काही म्युझिक चढत नाही, काही क्लोजअपचा भडिमार नाही. तो तसाच निघून जातो, दारू पितो आणि परत येतो, आणि तरीही, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी बघूनसुद्धा, तो तिला लग्नाचंच विचारतो! तिने उशीत तोंड घातलंय, त्याला वाटतं रडतीये, आणि ती वळते तर हसतीये. तू म्हातारा आहेस, कुरूप आहेस, तुझा वीट आलाय मला, हे ती त्याच्या तोंडावर म्हणते. मला विचाराल तर आख्ख्या पिक्चरमध्ये किटी त्याच्याशी खरं बोलते ते फक्त इथे, आणि त्यासाठी तिचा जीव जातो. ती पांघरुणाखाली दडते आणि तो वरून आइस पिकने वार करत सुटतो.

तो अडकलेल्या रेकॉर्डचा तुकडा पुढे काय काम करतो ते ऐका. किटीच्या खुनाचा आळ येऊन जॉनीला शिक्षा झाल्यावर ख्रिस एका स्वस्त हॉटेलच्या खोलीत येतो, बाहेर निऑनची पाटी लागते-विझते, खोलीत उजेड येतो-जातो, आणि अंधारातून दोघांचे आवाज येतात, ती जॉनीला लाडाने हाक मारतीये. म्हणजे मेल्यावर ती दोघं एकत्र आली आणि हाच बाहेर राहिला. खुनाची टोचणी तर आहेच पण खरी आग मत्सराची आहे. तो गळफास घेतो, तर शेजारचे येऊन वाचवतात. हे सगळं कॅमेरामन मिल्टन क्रॅस्नरने ज्या साध्या साधनांत केलंय ते नव्या लोकांनी फ्रेम थांबवून थांबवून बघावं.

आता सेन्सॉरचं. तेव्हा हॉलिवूडचा जो प्रॉडक्शन कोड होता त्यात गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे असा दंडक होता आणि जोसेफ ब्रीनचं ऑफिस ते बारकाईने बघायचं. मग हे पास कसं झालं? तर शिक्षा झाली नाही असं कुठे आहे? कोर्टाने केली नाही एवढंच. त्यासाठी एक सीन घातलेला आहे, ट्रेनमधला रिपोर्टर ख्रिसला म्हणतो की प्रत्येकाच्या आत एक कोर्ट असतं, जज्ज, ज्युरी, सगळं तिथेच, त्यातून सुटका नाही. सरळ सांगायचं तर तो सीन ब्रीन ऑफिसला वाचायला लिहिल्यासारखा वाटतो, जरा भाषणबाजीच आहे, पण हॉटेलच्या खोलीतला सीन त्याची उधारी फेडतो. शिवाय किटी काय धंदा करते आणि जॉनी तिचा कोण लागतो हे शब्दात कुठेच नाही, सगळं आपण समजून घ्यायचं.

पण ब्रीनने सोडलं तरी गाव-राज्यांच्या सेन्सॉरने सोडलं नाही. जानेवारी १९४६ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या बोर्डाने पिक्चरवर आख्खी बंदी घातली, मग मिलवॉकी आणि अटलांटा. म्हणजे तुम्हाला जे खटकलं तेच त्यांनाही खटकलं होतं. निर्मात्यांनी भांडून, किरकोळ काटछाट करून न्यूयॉर्कची बंदी उठवली, आणि बंदीच्या गाजावाजाने धंदा काही कमी झाला नाही.

निर्मात्यांचीच गोष्ट सांगायची तर ती पिक्चरपेक्षा कमी नाही. कंपनी डायना प्रॉडक्शन्स, त्यात लँग, जोन बेनेट आणि तिचा नवरा वॉल्टर वँगर, कंपनीचं नावही बेनेटच्या मुलीवरून. सहा वर्षांनी, १९५१ मध्ये, याच वँगरने बायकोचं लफडं आहे या संशयावरून तिच्या एजंटला पार्किंगमध्ये गोळी घातली. एजंट वाचला, वँगर चार महिने आत जाऊन आला, आणि पडद्यावरच्या करिअरचं वाटोळं झालं ते बेनेटच्या. म्हणजे तिथेही हिशोब चुकता केला बाईनेच.

आणि लँगचं स्वतःचं. आपल्याकडे फार लोकांना माहीत नसतं, पण लँगची जर्मनीतली बायको थेआ फॉन हार्बो, जिने ‘मेट्रोपोलिस’ आणि ‘एम’ लिहिले, ती बर्लिनमध्ये शिकायला आलेल्या बेळगावकडच्या एका मराठी माणसाच्या प्रेमात पडली, अयी तेंडुलकर. १९३३ मध्ये लँग आणि हार्बोचा घटस्फोट झाला, तेंडुलकरांशी तिचं पुढे लग्नापर्यंत गेलं. अर्थात लँगची स्वतःचीही प्रकरणं होतीच, तो काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, त्यामुळे ‘स्कार्लेट स्ट्रीट’मधला दुखावलेला नवरा म्हणजे लँगच असं कोणी म्हणत असेल तर मी ते मानत नाही. इतकं सरळ नसतं ते.

मूळ गोष्ट लँगची नाहीच मुळी. ला फूशार्दिएर या फ्रेंच लेखकाची कादंबरी, ‘ला शिएन’, तिच्यावर झाँ रन्वारने १९३१ मध्ये त्याच नावाचा पिक्चर केला होता, मिशेल सिमाँला घेऊन. तो जरूर बघा, कारण तुलना केल्याशिवाय लँगने काय केलं ते कळत नाही. रन्वारकडे ती बाई काय धंदा करते ते उघड आहे, आणि खून करून सुटलेला नायक शेवटी भिकारी होतो पण मजेत असतो, बायकोचा पहिला नवरा त्याला रस्त्यात भेटतो, तोही भिकारी, दोघं हसतखिदळत निघून जातात. लँगने तोच शेवट घेतला आणि त्यातला सगळा हशा काढून घेतला. त्याचा ख्रिस पोलिसांना सांगत फिरतो की खून मी केला, मला पकडा, आणि कोणी विश्वास ठेवत नाही. ख्रिसमसच्या दिवसांत किटीचं ते पोर्ट्रेट दहा हजार डॉलरला विकून गॅलरीतून बाहेर नेताना त्याच्यासमोरून जातं, आणि तो माझं आहे असंही म्हणू शकत नाही, कारण कोर्टात त्यानेच शपथेवर सांगितलंय की मला चित्र काढता येत नाही. ती साक्ष त्याने खोटी दिली होती आणि जगाने ती कायमची खरी मानली.

रन्वारच्या पिक्चरबद्दल अजून एक. त्यात बाईचं काम केलेली जानी मारेझ त्याच वर्षी, पिक्चर लागायच्याही आधी, गाडीच्या अपघातात गेली, आणि गाडी चालवत होता तिच्या दलालाचं काम केलेला फ्लामाँ.

जाता जाता बघण्याबद्दल. ‘स्कार्लेट स्ट्रीट’चा कॉपीराइट अमेरिकेत रिन्यू झाला नाही त्यामुळे नेटवर फुकट प्रती ढिगाने आहेत आणि त्यातल्या निम्म्या काळवंडलेल्या, आवाज फुटलेला. नॉयरमध्ये, म्हणजे या अंधार-सावल्यांच्या गुन्हेगारी पिक्चरांत, काळ्यातला तपशीलच गेला तर राहिलं काय, तेव्हा रिस्टोअर केलेलीच प्रत शोधा. आधी ‘द वुमन इन द विंडो’ बघा, १९४४ चा, लँग, रॉबिन्सन, बेनेट, ड्युरिया, क्रॅस्नर सगळी तीच टीम आणि विषयही शेजारचा, पण त्याचा शेवट सोडवून घेतलेला आहे. मग ‘ला शिएन’, आणि मग ‘स्कार्लेट स्ट्रीट’ परत एकदा, आणि यावेळी पहिल्या पार्टीपासून फक्त एवढंच मोजत जा की कोण कोणाशी खोटं बोलतंय आणि त्यातलं पहिलं कुणाचं.